चाप हलका केला आणि रायफल आपोआप सुटू लागली: असं का होतं?

"बंदूक साफ करताना गोळी सुटली" अशी बातमी आपण वाचतो आणि मनात म्हणतो, बोट लागलं असणार. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही घटनांत बोट चापावर नसतानाच गोळी सुटते. अमेरिकेत अशा घटनांवर वर्षानुवर्षं खटले चालले आहेत. तिथे रायफल अनेक घरांत असते. मालक ती स्वतः उघडतो, चापाचे भाग कानशीने घासतो, स्प्रिंग बदलतो, आणि बहुतेक राज्यांत त्यावर मनाईही नाही. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी काहींनी शिकारीचा किंवा नेमबाजीचा छंद लावून घेतला आहे. हे घरगुती काम बिनसलं की रायफल चमत्कारिक वागायला लागते, आणि मालक पुन्हा कानस हातात घेतो. धोका त्या दुसऱ्या वेळी जास्त असतो. तो का, हे कळायला आधी चाप काय करतो ते पाहायला हवं.

चापाचं खरं काम धरून ठेवण्याचं

चाप म्हणजे ट्रिगर, बोटाने मागे ओढायची पट्टी. चाप गोळी उडवतो असं आपण सहज म्हणतो. खरं तर काडतुसाच्या मागच्या टोपीवर, म्हणजे प्रायमरवर, फायरिंग पिन आदळते आणि गोळी उडते. पिन पुढे ढकलणारी स्प्रिंग जोरदार असते. बोल्टच्या, म्हणजे हाताने दांडा मागेपुढे करून काडतूस भरायच्या, शिकारी रायफलीत तिचा जोर दहा किलोच्या आसपास भरतो. बोल्ट मागेपुढे केला की ही स्प्रिंग ताणून बसते आणि सुटायची वाट पाहते.

तिला अडवणारा पोलादाचा छोटा तुकडा म्हणजे सिअर. उंदराचा सापळा आठवा: ताणलेली तार एका बारीक काडीच्या टोकाने अडकलेली असते, आणि त्या टोकाला धक्का लागला की तार सुटते. सिअर म्हणजे ती काडी. चापाचं काम इतकंच की तुम्ही ओढेपर्यंत सिअरला खाली पडू द्यायचं नाही.

चाप आणि सिअर यांची टोकं एकमेकांवर किती टेकलेली असतात? अनेक बोल्ट रायफलींत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दहा किलोचा जोर अर्ध्या मिलिमीटरवर तोललेला. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून उलगडत जातं.

मग लोक त्याला हात का लावतात?

कारण कारखान्यातून येणारा चाप अनेकदा जड आणि खरखरीत असतो. सैनिकी घडणीच्या एआर-15 प्रकारच्या रायफलीचा चाप ओढायला साधारण अडीच ते चार किलोचा जोर लागतो. रायफलच चार किलोच्या आत असते. म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाइतका जोर एका बोटाने लावायचा आणि तेव्हाही ती केसभर हलू द्यायची नाही. नेम चुकतो तो बहुधा इथेच. चाप हलका आणि स्वच्छ सुटणारा असेल तर नेम सुधारतो, हे निर्विवाद आहे. हा हट्ट कुणा वेड्याचा नाही, त्यामागे अनुभव आहे.

चाप ओढायला लागणारा जोर कमी करायचे घरगुती मार्ग मोजकेच आहेत. टेकणारे पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचे, टेकण कमी करायचं किंवा स्प्रिंग हलकी करायची. तिन्हींमध्ये एकच गोष्ट खर्च होते, ती म्हणजे धरून ठेवण्याची राखीव ताकद. बोटाला जे हलकं लागतं, ते धक्क्यालाही हलकंच लागतं.

घासल्यावर पोलादात काय होतं

हा भाग बहुतेकांना माहीत नसतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

चाप आणि सिअरचे अनेक भाग आतून तुलनेने मऊ पोलादाचे असतात. वरचा फक्त पातळ थर उष्णता आणि कार्बन देऊन कठीण केलेला असतो. आतला मऊपणा धक्का सोसतो, वरचा कठीणपणा झीज सोसतो. हा कठीण थर अनेकदा मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो. कानशीचे चार हात फिरले की तो संपतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, उलट भाग अधिक चकचकीत दिसतो. पण आता मऊ पोलाद उघडं पडलेलं असतं आणि प्रत्येक झटक्याला ते थोडं थोडं चेपलं जातं.

दुसरी गोष्ट कडेची. भिंगाखाली सिअरची चांगली कड सरळ, धारदार आणि पूर्ण रुंदीभर सारखी दिसते. हाताने घासलेली कड गोलावलेली असते. एका टोकाला टेकण जास्त आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ नाहीच, असंही होतं. हातात धरून घासताना मनगट वळतं, म्हणून हे होतं. चांगले कारागीर भाग पकडीत बसवून कोन राखतात तो यासाठीच. कोन किंचित बदलला तरी जो भाग आधी स्वतःहून आत रुतून बसायचा, तो स्वतःहून बाहेर सरकायला लागतो. मग स्प्रिंगचा जोरच सिअरला सोडवतो आणि बोटाची गरज राहत नाही.

यामुळेच हा दोष लगेच दिसत नाही. पहिल्या दिवशी चाप लोण्यासारखा सुटतो आणि मालक खूश होतो. मऊ पृष्ठभाग झिजत जातो आणि काही महिन्यांनी, काहीशे गोळ्यांनंतर, एक दिवस रायफल बोल्ट बंद करतानाच सुटते.

बिघाडाची लक्षणं आणि त्यांचा अर्थ

बोल्ट बंद केला आणि ताण तयारच झाला नाही, "टिक" असा आवाज होऊन पिन बोल्टसोबतच पुढे गेली, तर सिअर पकडत नाही. टेकण अपुरं आहे, कड गोलावली आहे किंवा सिअरला वर उचलणारी स्प्रिंग कमजोर झाली आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, काडतूस नसेल तर नुसता आवाज येतो. असेल तर गोळी सुटू शकते, आणि त्या क्षणी नळी कुठे रोखलेली आहे यावर सगळं अवलंबून.

हळू बंद केला तर पकडतो, जोरात बंद केला तर सुटतो, हे वरच्याच दोषाचं सौम्य रूप. मालक याला "जरा सांभाळून बंद करायचा" म्हणून सवयीत बसवून टाकतात. असं कधीही करू नये. धोक्याची ही सगळ्यात स्पष्ट सूचना असते.

रायफल पडल्यावर किंवा आपटल्यावर सुटते, याचं कारण जडत्व. धक्क्याने सिअर किंवा चाप स्वतःच्या वजनाने सरकतो. इथे एक बारकावा आहे. चाप ओढायला लागणारा जोर वेगळा आणि चापाच्या तुकड्याचं स्वतःचं वजन वेगळं. सिग सॉअरच्या पी320 पिस्तुलाबाबत 2017 साली उघड झालं की ते ठरावीक कोनात पडलं तर सुटू शकतं, कारण पडताना चापाचा जड तुकडा आपल्याच गतीने मागे जात राहतो. त्या वर्षी कंपनीने जी सुधारणा देऊ केली तिच्यात चापाचा तुकडाच हलका केलेला होता. स्प्रिंग हलकी करणारा घरगुती कारागीर याच्या बरोबर उलट करतो. तुकडा तेवढाच जड ठेवतो आणि त्याला रोखणारा जोर कमी करतो.

एका ओढीत दोन गोळ्या, किंवा ओढताना एक आणि बोट सोडताना दुसरी, हे अर्धस्वयंचलित, म्हणजे एका ओढीला एक गोळी उडवून पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलीत होतं. तिच्यात डिस्कनेक्टर नावाचा आणखी एक हुक असतो. गोळी सुटल्यावर घोडा, म्हणजे पिनवर आदळणारा हातोडा, मागे येतो. तुमचं बोट अजून दाबलेलं असतं, म्हणून सिअर त्याला धरू शकत नाही. तेवढ्यापुरता घोडा डिस्कनेक्टर धरतो आणि बोट सैल झालं की सिअरच्या हवाली करतो. एका जागी घासलं की या हस्तांतराची वेळ चुकते आणि घोडा मधल्यामध्ये निसटतो. इथे दोष एका भागाचा नसतो, दोन भागांमधल्या ताळमेळाचा असतो. म्हणून एक भाग आणखी घासून तो सुटत नाही, बहुधा वाढतो. अनपेक्षित दुसरी गोळी धक्क्याने नळी वर उचललेली असताना जाते. रेंजच्या मागचा मातीचा बांधही ओलांडून जाऊ शकते.

गोळी उडतच नाही आणि प्रायमरवर उथळ खड्डा दिसतो, तेव्हा हलकी केलेली घोड्याची स्प्रिंग कमी पडते आहे. सैनिकी काडतुसांचे प्रायमर मुद्दाम कठीण असतात, त्यामुळे एका प्रकारच्या काडतुसावर रायफल चालते आणि दुसऱ्यावर अडते. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान तीस सेकंद थांबावं. प्रायमर उशिरा पेटण्याची शक्यता असते, बोल्ट घाईने उघडू नये.

थंडीत बिघडते आणि घरात नीट चालते, याचं कारण बहुधा घट्ट झालेलं तेल किंवा साचलेला कचरा असतो. कमजोर केलेली स्प्रिंग एरवी कसंबसं काम निभावते, घट्ट तेलात तिचा जोर पुरत नाही.

परवाना लागत नाही अशा एअरगनलाही हे सगळं लागू आहे. नळी मोडून भरायच्या एअरगनमध्ये सिअर निसटला तर उघडी नळी झटक्याने मिटते आणि छर्रा भरणारी बोटं मध्ये सापडतात. मुलांच्या हातात दिलेल्या एअरगनचा चाप घरी "सैल" करून देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

कारखान्यातलीच जुळणी चुकली तर? रेमिंग्टन 700 ची कहाणी

अर्ध्या मिलिमीटरचं महत्त्व कळायचं असेल तर ही कहाणी जाणून घ्यावी. रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर या अभियंत्याने 1940 च्या दशकात एक चाप घडवला. स्वच्छ सुटणारा, नेमबाजांना आवडलेला. 1962 पासून तो मॉडेल 700 या अतिशय खपलेल्या रायफलीत बसला. त्यात चाप आणि सिअर यांच्या मध्ये कनेक्टर नावाची एक सुटी पट्टी होती. गोळी सुटताना ती चापापासून क्षणभर दूर जाते आणि परत येते. परत येताना मध्ये कचरा, गंज किंवा घट्ट तेल आलं तर ती पूर्ण जागेवर बसत नाही आणि सिअर काठावर राहतो. चापात एक अडथळा बसवून धोका कमी करावा असा प्रस्ताव वॉकर यांनीच 1948 साली दिला होता. खर्च होता रायफलीमागे साडेपाच सेंट. तो मान्य झाला नाही.

2000 साली मोंटाना राज्यात शिकारीहून परतलेल्या एका कुटुंबातली आई रायफल रिकामी करत होती. तिने सेफ्टी, म्हणजे रायफल सुटू नये म्हणून लावायचा खटका, काढली, गोळी सुटली आणि पलीकडे असलेला तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या वडिलांनी पुढची अनेक वर्षं या चापाविरुद्ध लढा दिला. शेवटी 2017 साली न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली. तिच्या कक्षेत सुमारे 75 लाख रायफली येत होत्या. चाप सदोष असल्याचं कंपनीने मान्य केलं नाही. अपघातांमागे चुकीची हाताळणी, निगा न राखणं आणि मालकांनी केलेले फेरफार आहेत, अशीच तिची भूमिका राहिली.

यातला शेवटचा शब्द घरगुती कारागिराने नीट वाचावा. चाप मुळात सदोष असला तरी तुम्ही त्याला एकदा कानस लावली की खटल्यात सगळ्यात आधी त्या कानशीकडे बोट दाखवलं जातं.

याच कंपनीच्या पुढच्या, सुधारलेल्या चापाची कथा तर अधिक बोलकी आहे. एक्स-मार्क प्रो नावाचा हा चाप बसवलेल्या, मे 2006 ते एप्रिल 2014 या काळात बनलेल्या रायफली कंपनीने 2014 साली परत बोलावल्या. कारण काय, तर जुळणी करताना वापरलेलं चिकटद्रव्य काही चापांत जास्त पडलं होतं. घरी स्क्रू सैल होऊ नये म्हणून लोक असंच द्रव्य थेंबभर सोडतात. कारखान्याच्या शिस्तीत ते जास्त झालं, तर स्वयंपाकघराच्या टेबलावर काय होईल?

"पण सेफ्टी लावलेली असते ना?"

सेफ्टी म्हणजे सगळं बंद, असा समज असतो. प्रत्यक्षात अनेक रायफलींत सेफ्टी फक्त चाप अडवते, सिअर किंवा पिन नाही. सिअर काठावर आलेला असेल तर चाप अडवून काय उपयोग? काही घडणींत सेफ्टी सिअरला किंचित वर उचलून धरते आणि काढली की परत चापावर ठेवते. चाप त्याच्या जागी नसेल तर ठेवायला आधारच नसतो आणि सेफ्टी काढताच गोळी सुटते. मोंटानातला अपघात सेफ्टी काढतानाच झाला. त्या जुन्या घडणीत सेफ्टी काढल्याशिवाय बोल्ट उघडताच येत नसे. रायफल रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढावीच लागे. ही व्यवस्था कंपनीने 1982 साली बदलली.

शिवाय चाप घासला की सेफ्टी आणि चाप यांच्यातलं अंतरही बदलतं. सेफ्टीचा खटका पूर्वीसारखाच वाजतो, पण चाप तिच्या आतही थोडा हलतो.

"ऑलिंपिकवाले तर याहून हलका चाप वापरतात!"

खरं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत 10 मीटर पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅमचा आणि 25 मीटर पिस्तुलाचा किमान 1000 ग्रॅमचा हवा. 10 आणि 50 मीटर रायफलीला अशी किमान मर्यादाच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते 50 मीटर रायफलीच्या अशाच खुल्या नियमांत.

पण त्या रायफलींचा चाप मुळातच हलका राहण्यासाठी घडवलेला असतो. भार अनेक दांड्यांत वाटलेला असतो, त्यामुळे शेवटच्या टेकणावर फार थोडा जोर येतो. जुळवणी कंपनीने दिलेल्या स्क्रूने, दिलेल्या मर्यादेत होते. आणि ती रायफल काडतूस घालून कुणी खांद्यावर टाकून रानात हिंडत नाही. फायरिंग पॉइंटवर, नळी लक्ष्याकडे असताना, एक काडतूस भरलं जातं. शिकारी रायफल भरलेली असताना दगडाधोंड्यातून चढते, जीपमध्ये आपटते. तिच्या चापाला धक्का सोसायचा असतो.

"मी शंभर गोळ्या झाडून पाहिल्या, काही झालं नाही"

शंभर गोळ्या फक्त एवढंच सांगतात की शंभर वेळा सिअरने पकडलं. धक्क्याला, थंडीला, धुळीला आणि झिजेला तो काय करेल हे त्यातून कळत नाही. अमेरिकन शस्त्र उद्योगाच्या ठरलेल्या चाचण्यांत रायफल रबराच्या जाड थरावर चार फुटांवरून वेगवेगळ्या बाजूंनी पाडतात, आणि एक फुटावरून आपटण्याची चाचणी निराळी. चेंबरमध्ये दारू आणि गोळी नसलेलं, फक्त प्रायमरचं काडतूस असतं. तुमची रायफल ज्या घडणीची आहे ती घडण बहुधा या चाचण्यांतून गेलेली असते. कानस लागली की ती घडणच उरत नाही. घरी जिवंत काडतूस घालून "पाहू, सुटते का" म्हणणं म्हणजे चाचणी नव्हे.

कायद्याची बाजू

अमेरिकेत चाप हलका करणं बहुतांश ठिकाणी गुन्हा नाही. पण एका ओढीत एकाहून अधिक गोळ्या सुटणारं शस्त्र 1934 च्या केंद्रीय कायद्यानुसार मशीनगन ठरतं. शस्त्र त्या प्रकारे चालतं हे मालकाला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली स्टेपल्स खटल्यात सांगितलं. तरी 2008 साली विस्कॉन्सिनमधल्या एका माणसाला तीस महिन्यांची शिक्षा झाली. त्याने दुसऱ्याला वापरायला दिलेली एआर-15 सलग गोळ्या सोडत होती आणि हा बिघाड आहे हा बचाव टिकला नाही. तिच्यात सैनिकी रायफलीचे काही भाग बसवलेले होते. म्हणून "दोन गोळ्या सुटतात" हे लक्षात आल्यावरही तशीच वापरत राहणं दुहेरी धोक्याचं आहे.

भारतात प्रश्न तिथवर पोचतच नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी यांसाठीही परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. पुसणं, तेल देणं मालकाचं काम आहे. चाप उघडून घासणं नाही.

बिनसलंच असेल तर

वरचं एकही लक्षण दिसलं तर झाडणं तिथेच थांबवा. नळी सुरक्षित दिशेला धरून रायफल रिकामी करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. आणखी घासू नका. निघालेलं पोलाद परत येत नाही, आणि पहिल्या चुकीच्या कोनावर दुसरा कोन काढला की कारागिरालाही मूळ माप कळत नाही. रायफल परवानाधारक गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, द्या आणि काय केलं ते लाजेखातर न लपवता सांगा: कुठला भाग घासला, कुठली स्प्रिंग बदलली, मूळ स्प्रिंग जवळ आहे का. एवढ्या माहितीवर त्याचं अर्धं निदान होतं. घासलेला चाप आणि सिअर दोन्ही बदलावे लागतात. एक नवा आणि एक झिजलेला अशी जोडी चालत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना हलकाच चाप हवा असेल तर टिमनी किंवा ट्रिगरटेकसारख्या कंपन्यांची पूर्ण तयार जुळणी मिळते, तीही जाणकाराकडून बसवून घ्यावी.

जुनी रायफल विकत घेणाऱ्यांना तर हे जास्तच लागू. विकणारा कौतुकाने सांगतो, "चाप मस्त हलका करून घेतलाय." कुणाकडून, कधी आणि कुठले भाग बदलून, हे त्याला सांगता आलं नाही, तर गनस्मिथने उघडून पाहीपर्यंत त्या रायफलीत काडतूस घालू नये.